टाकीतलं गोडं पाणी

लिगायाताई,

बाबांचे शेवटचे दिवस मी सोन्यासारखे केले, असं तू परवा फोनवर म्हणालीस. तेव्हापासून घास उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय. पाठवायची हिंमत होणार नाही.

बाबा माझ्या शिडाच्या होडीवर दहा दिवस राहायला आले आणि इलोइलोच्या घरातल्यासारखी दिवसातून तीनदा अंघोळ करू लागले. लिनापाकानच्या या बेटांत गोडं पाणी भरून आणायला माझा अर्धा दिवस जातो. चौथ्या संध्याकाळी त्यांनी नळ उघडला आणि नळाबरोबर आपोआप चालू होणारा पंप घरघरतच राहिला, तसा मी ओरडलो, "बाबा, नदी नाहीये ही! टाकी संपवूनच जाणार का?"

ते हसले. "बरं, कप्तानसाहेब! उद्यापासून समुद्रातच बुडी मारतो."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. ओहोटीला इथं पाण्याला किती ओढ असते, ते सांगायचं राहूनच गेलं. सकाळी शिडीवर त्यांचा टॉवेल होता, साबण होता. दुपारी कोळ्यांनी त्यांना आणलं.

मासे बघताना पाय घसरला, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं.

ताई, हल्ली रोज पहाटे नळ कुणी उघडलेला नसताना पंप घरघरतो. मेकॅनिक म्हणाला, नळीचा सांधा गळतोय, पाच मिनिटांचं काम आहे. मी त्याला हात लावू दिला नाही. पंप वाजला की अंथरुणातूनच म्हणतो, "घ्या बाबा, हवं तेवढं घ्या."

तो लगेच बंद होतो.

तुझा धाकटा,
एफ्रेन