हॅव्हरस्टोंचा आठवा दगड

२ मे १९११
पोचले एकदाची. घर गावाच्या टोकाला, पण चूल बरी ओढते. काम चर्च झाडायचं, पितळ घासायचं. खिडकीतून कुरणात एक आडवा पडलेला मोठा दगड दिसतो. फडकी वाळवायला छान. लेकीने, केझीने, निघताना ही वही दिलीय, ती मागाहून यायची. रोज चार ओळी लिही म्हणाली. शाळेत दोनच वर्षं गेले, चुकेल तिथे चुकेल. कबरी खणणारा म्हातारा क्रेक नाव विचारायला आला. नवऱ्याचं आडनाव मी त्याच्याबरोबरच पुरलं. ठणकावून सांगितलं, हॅव्हरस्टो, माझ्या बापाचं, आणि लेकीलाही तेच लावलंय. म्हाताऱ्याने टोपी काढली.

७ मे
माणसं घुमी. दुकानात शिरले की बोलणं बंद. पाववाली हाताला हात लागू देत नाही. क्रेकला विचारलं, मला काय महारोग झालाय? तो म्हणाला, बाई, इतक्या वर्षांनी परत आलात, लोकांना सवय नको व्हायला? मी म्हटलं, जन्मात इथे आले नव्हते. तो हसला मेला.

१३ मे
पाद्र्याने जुनी नोंदवही दाखवली. हे नाव जगात याच गावात निघालं म्हणे, आणि ते कुळाचं नाहीच. हद्दीवर आठ दगड. दगड उभा राहायला खाली पोर लागे. बाहेरून आणायचे, हे नाव ठेवायचे, वाढवायचे. दगडापाशी पोराने आपल्या तोंडाने नाव सांगायचं, तरच दगड उभा टिकायचा. बोट फिरवत वाचलं मी. आठ हॅव्हरस्टोंचा बाप्तिस्मा आहे, दफन एकाचंही नाही. आठवी पळाली. तिचं रक्त तुम्ही, पाद्री म्हणाला, चहा ओतत.
खिडकीतला आडवा दगड, तोच आठवा.

१९ मे
निघाले. गाडीवान म्हणे घोडा लंगडा. चालत गेले, तर हद्दीवर अर्धं गाव विलोच्या काठ्या सोलत बसलेलं. गुरुवारी काठ्या घेऊन दगडादगडाने हद्दीची फेरी, तोवर जायचं नसतं म्हणाले. क्रेकने काठी माझ्या अंगाला लावून पाहिली, नाही म्हणून मान हलवली. लेक केवढी, विचारलं. माझ्या खांद्याला लागते, मी म्हटलं.
का म्हटलं मी.

२२ मे
केझीला पत्र, येऊ नकोस म्हणून. टपालवाली म्हणाली, पाद्र्याने तिला कधीच बोलावणं धाडलंय. माझं पत्र तिने माझ्या देखत चुलीत—

२४ मे
दार बाहेरून बंद. खिडकीला गज ठोकले. क्रेकला म्हटलं, मी येते मुकाट, पोरीला सोडा. तुमचं वय झालं, बाई, म्हणाला. खड्डा खणून झालाय. आखूड आहे.

२५ मे
केझी आली. नवा झगा. तिच्याही हातात पांढरी काठी दिलीय, हसतेय—
काच फोडली. गज हलत नाहीत. ओरडतेय, पण घंटा—
दगडापाशी नेलं. क्रेकने टोपी काढली. नाव विचारतोय.
केझे, नवऱ्याचं सांग माझ्या, तुझ्या बापाचं, बापाचं—
हनुवटी वर केली पोरीने. माझ्यासारखीच. ठणकावून सां—