दिव्याच्या मोरीतली धनुर्विद्या

डोंबिवली (पूर्व),
गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

ती. शीलाआत्यास,

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, दिवा स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, मोरीतला निळा ड्रम भरायला चार बोटं कमी असताना माझं आयुष्य बदललं. हे आधीच सांगून टाकतो, कारण तब्येतपाण्याच्या चौकशीत शिरलो की मी मूळ गोष्ट विसरतो असं तूच मागच्या वेळी म्हणालेलीस.

आता रीतसर. वाकून नमस्कार. भाऊंचा गुडघा कसा आहे? तेल चोळून घेतात की अजून वैद्याशी भांडतात? तुमच्याकडे रेंज काजूच्या झाडाखालीच येते आणि त्या झाडाला सध्या मुंगळे लागलेत असं कळलं, म्हणून फोन न करता कागदावर लिहितोय. इकडे आई बरी आहे. बाबाही बरे आहेत असं आई सांगते. ते माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे थेट माहिती नाही. (कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं हे खरं. सरांसमोर जर्नल खिडकीतून फेकलं हेही खरं. पण ते खाली उभ्या असलेल्या प्राचार्यांच्या गाडीवर पडलं, यात माझा काही हेतू नव्हता. माझा नेम तेव्हा फार वाईट होता, ते पुढे येईलच.) सध्या एका कुरियरवाल्याकडे सकाळी सहा ते अकरा काम करतो. दुपार मोकळी असते.

त्या मोकळ्या दुपारी मी ‘नवखंड’ खेळतो. तुला पत्ते माहीत आहेत, तसं हे मोबाइलवर; फक्त आपण पाच जण पाच ठिकाणी बसलेले असतो, कानात इअरफोन घालून एकमेकांशी बोलतो आणि मिळून एक राक्षस मारतो. प्रत्येकाचं काम ठरलेलं. मुकुल तलवार घेऊन राक्षसाच्या पायाशी उभा राहतो (ठाण्याचा आहे, खोपटला राहतो, इंजिनिअर, स्वभावाने गाय). मागे लांब धनुर्धारी असतात. आणि त्यांच्या शेजारी असते सगळ्यांच्या जखमा बऱ्या करणारी. ती म्हणजे अक्षदा. आत्या, मी धनुष्य का उचललं हे आता तुला कळलं असेल. राक्षस मारायचा म्हणून नाही, शेजारी उभं राहायला मिळावं म्हणून. अक्षदाला मी कॉलेजात पहिल्या दिवशी पाहिलं, आणि कॉलेज सोडल्याचं दुःख मला तेवढ्याच एका कारणाने झालं. तिचा आवाज कानात आला की मला चौथीतल्या मुलासारखं उभं राहून ‘हजर’ म्हणावंसं वाटतं.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. धनुर्धाऱ्याने वीस पावलं लांब राहायचं असतं. मी राहायचो, साधारण अर्धा मिनिट. मग राक्षसाने अक्षदाकडे नुसतं पाहिलं तरी माझं डोकं फिरायचं आणि मी धनुष्य घेऊन थेट त्याच्या अंगावर धावायचो. धनुष्य घेऊन! म्हणजे लग्नात वाढप्याने पळी घेऊन पंगतीत उडी मारावी तसं. त्या राक्षसाचा राग ज्याने जास्त डिवचलं त्याच्यावर वळतो, त्यामुळे तो माझ्या मागे, मी अक्षदाच्या मागे, आणि शेवटी आम्ही सगळेच आडवे. असं सतरा वेळा झालं. सतराव्यांदा आमच्यातला दुसरा धनुर्धारी, ज्याचं खेळातलं नाव ‘घार’ आणि जो कधी तोंडाने बोलायचा नाही, त्याने लिहिलं: ‘या वादळाला काढा.’ (वादळ हे माझं खेळातलं नाव आहे. हसू नकोस.) आणि मुकुलने मला काढलं. अक्षदाने त्याला अडवलं नाही. ते जास्त लागलं.

मी अक्षदाला विचारलं, हा घार कोण, कुठे राहतो? ती म्हणाली, आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिसरा मजला, जा आणि भांड. आता मागे वळून पाहिलं तर ती हसत होती असं वाटतं. मी दिव्याला उतरलो, बाह्या सरसावल्या, तीन मजले एका दमात चढलो आणि दार बडवलं. दार उघडलं पंचेचाळिशीच्या एका बाईने. गळ्यात मापाची टेप, दातात दोन टाचण्या. मी म्हटलं, घार कुठाय? तिने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, “मीच. पाणी आलंय, नळाजवळ बस.”

मी बसलो. का बसलो ते विचारू नकोस, त्या आवाजाला माणूस बसतोच. त्या हेमावहिनी. घरी ब्लाउज शिवतात, फॉल-बिडिंग करतात, आणि दिव्यात पाणी तास-सव्वा तास येतं तेवढ्यात चार ड्रम, सहा हंडे आणि शेजारच्या म्हाताऱ्या काळुरामकाकांची टाकी भरतात. मोबाइल शिलाई मशीनच्या चाकाला टेकवून ठेवलेला, काच तडकलेली. त्यांची मोरीकडे पूर्ण पाठ. मी नळाशी, त्या खेळात. दोन अंगठे असे चालत होते की जणू त्या सुईत दोरा ओवतायत, घाई नाही, थांबणंही नाही. एक बाण, दोन पावलं मागे. एक बाण, दोन पावलं बाजूला. राक्षस जीव तोडून त्यांच्याकडे येतोय आणि त्यांच्यातलं अंतर कमीच होत नाही, वीस ते वीसच. आणि मान न वळवता, तोच बाण सोडता सोडता त्या म्हणाल्या, “बंद कर नळ.” मी पाहिलं. ड्रमच्या काठाला बरोबर चार बोटं कमी. मी विचारलं, वहिनी, तुम्ही बघितलं कधी? तर म्हणाल्या, “बघायचं कशाला? ऐकू येत नाही का?”

ते तीन वाजून चाळीस मिनिटं. मी तिथेच, ओल्या लादीवर, त्यांच्या पाया पडलो. भांडायचं राहून गेलं.

म्हटलं, मला शिकवा. म्हणाल्या, रोज पाण्याच्या वेळेला ये, मोबाइल घरी ठेव. दहा दिवस मी धनुष्याला हात लावला नाही. नुसता मोरीकडे पाठ करून बसायचो आणि ड्रम भरत आला की ‘बंद’ म्हणायचं. सोपं वाटतं ना? रिकाम्या ड्रममध्ये पाणी ढबढब पडतं, भरत जाईल तसा आवाज बारीक आणि वर चढत जातो, आणि अगदी शेवटी एक क्षण असा येतो की ड्रम जणू श्वास रोखतो. तो क्षण चार बोटांचा. मला काही तो ऐकू येईना, कारण माझं लक्ष जिन्यावर अक्षदाच्या चपलांकडे. तिसऱ्या दिवशी ती खरोखरच वर आली आणि मी ड्रम विसरलो. पाणी मोरीतून खोलीत, खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून काळुरामकाकांनी वाळत घातलेल्या गोधडीत. दिव्यात एक वेळ चोरी माफ होईल, पण पाणी सांडलेलं नाही. अख्खा मजला बाहेर. काळुरामकाका गोधडी पिळत ओरडले, “अय डोंबिवली! तुझ्या बापाने धरण बांधलंय काय?” एक काकू म्हणाल्या, “यांच्याकडे चोवीस तास येतं ना, इकडे सांडायला आलाय!” माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, पाणीच आहे, रक्त नाही. हेमावहिनींनी फक्त दोन हंडे माझ्या हातात दिले आणि कोपऱ्यावरच्या टँकरकडे बोट दाखवलं. बारा खेपा, तीन मजले. बाराव्या खेपेला माझा राग कुठल्यातरी पायरीवर पडून राहिला, तो मी परत जाऊन उचलला नाही. अक्षदा जिन्यात उभी राहून खेपा मोजत होती. तिने मला पाणी दिलं. प्यायला. मी ते अर्धंच प्यायलो, मला वाया घालवायची भीती वाटली.

अकराव्या दिवशी मी पाठ करून बसलेलो असताना आपोआप तोंडातून ‘बंद’ निघालं. वहिनींनी चार बोटं घालून पाहिली, बरोबर टेकली. म्हणाल्या, उद्या मोबाइल आण. मग पुढचं त्यांनी शिवता शिवता शिकवलं. प्रत्यंचा पूर्ण ताणायला तीन टाक्यांचा वेळ लागतो, दोन टाक्यांवर सोडलेला बाण म्हणजे कच्ची शिलाई. बाण सोडला की जागा सोडायची. सगळे बाण घाईने संपवणारा लढाईच्या शेवटी टाळ्या वाजवायला उरतो. आणि जीव वाचवायला धावत जाणाऱ्या धनुर्धाऱ्यामुळे दोघांचा जीव जातो. हे शेवटचं त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी विचारलं, वहिनी, तुम्ही कुणाकडे शिकलात? त्या म्हणाल्या, “शिकायला वेळ कुठे होता? ड्रम भरेपर्यंत करायचं काय, म्हणून खेळायला लागले.” आत्या, मोठमोठे खेळाडू भारी खुर्चीत बसून, रंगीत दिवे लावून खेळताना मी व्हिडिओत पाहिलेत. या बाईंच्या पायाशी त्यांना हंडे धरून उभं करावं.

मग मुकुलने मला एक संधी दिली. एकच. गेल्या रविवारी दुपारी पाताळगेंडा मारायचा (आमच्या टोळीला तो आजवर कधी जमला नव्हता), आणि मी पुन्हा धावलो तर कायमचा बाहेर. म्हणजे अक्षदाचा आवाजही बाहेर. मी घरी पलंगावर बसलो, वहिनी दिव्यात मशीनवर, आणि आमचा पाचवा कल्याणहून. पाणी साडेतीनला येतं म्हणून अडीचला सुरुवात केली. गेंड्याचा जीव अर्ध्यावर आला, पावावर आला, आणि तीनला दहा कमी असताना वहिनींच्या माइकमधून (तो आता त्या चालू ठेवतात) कानात काळुरामकाकांची आरोळी आली: “पाणी आलं!” त्या दिवशी लवकर सोडलं होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, “विनीत, सांभाळ.” आणि घार जिथल्या तिथे दगडासारखी उभी राहिली, गेंड्याने तिला तुडवलं. दूर ड्रममध्ये पाणी पडायला लागलेलं मला ऐकू येत होतं. मग मुकुल पडला. कल्याणवाला पडला. उरलो मी आणि अक्षदा, आणि गेंडा वळला तिच्याकडे.

ती म्हणाली, “विनीत, येऊ नकोस.” पाय उचलला होता मी, खोटं कशाला सांगू. पलंगावरसुद्धा उचलला होता. पण हा गेंडा धडक द्यायच्या आधी मोठा श्वास घेतो, छाती फुगते आणि मानेखालचं एकच कवच उघडतं; तिथे पूर्ण ताणलेला एक बाण पुरतो. तो श्वास ढबढब सुरू झाला, बारीक झाला, वर वर चढत गेला. मी वीस पावलांवर उभा, प्रत्यंचा पूर्ण ताणलेली. अक्षदाचा जीव संपत आला, ती पडली, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी हललो नाही. श्वास रोखला गेला. सोडला बाण.

गेंडा उभ्या उभ्या कोसळला. कानात फक्त दिव्याचं पाणी. मग ओल्या हातांनी मोबाइल उचलल्याचा आवाज आला, आणि वहिनींनी विचारलं, “किती बोटं उरलेली?” मी म्हटलं, चार. त्या म्हणाल्या, “बरं.” बस्स. आत्या, आयुष्यात मला कुणी इतकं मोठं प्रमाणपत्र दिलेलं नाही, आणि कॉलेज पूर्ण केलं असतं तरी मिळालं नसतं.

मग अक्षदाचा आवाज आला. “मी मेले आणि तू ढिम्म उभा होतास.” आणि लगेच म्हणाली, “पहिल्यांदाच कामाचं वागलास.” तेव्हापासून मी जेवतोय पण भूक लागत नाही, झोपतोय पण झोप लागत नाही, आणि कुरियरचे दोन डबे एकमेकांच्या घरी टाकून आलो.

तर असा मी पूर्ण बदललो आहे. राग गेला, घाई गेली. आता कुठलीही गोष्ट मी वीस पावलांवरून, शांतपणे, वेळ बघून करतो. भाऊंना साष्टांग.

तुझा,
विनीत

ता. क. — मूळ गोष्ट राहिलीच. अक्षदाची आई माहेरची तुमच्या शेजारच्या वाडीतली. पुढच्या आठवड्यात ती माहेरी येतेय. तू सहज चक्कर मारून आमच्या दोघांचा विषय काढशील का? लग्न लगेच नको, दिवाळीनंतर चालेल. मुलगा शांत आहे एवढं जरूर सांग. पुरावा वर दिलाच आहे.

ता. क. २ — विषय काढू नकोस! अक्षदाला आनंदाची बातमी म्हणून कळवलं की मी तुला असं असं लिहिलंय. तिचं उत्तर: “मला विचारलंस? एकदा तरी? तू काय धावत माझ्या आईपर्यंत पोचलास?” आत्या, मी पुन्हा धनुष्य घेऊन अंगावर धावलो, आणि या वेळी राक्षससुद्धा नव्हता. ती बरोबर आहे. वरचा ता. क. फाडणार होतो, पण पानाच्या पाठीमागे वहिनींचं ते ‘बरं’ लिहिलंय, ते फाडवत नाही. म्हणून तेवढ्या ओळी वाचल्याच नाहीस असं समज.

ता. क. ३ — हेमावहिनींना फोन केला. म्हणाल्या, आता दहा मेसेज टाकू नकोस, थांब. मी थांबलोय. पाऊण तास झाला. गेंड्यालासुद्धा इतका वेळ लागला नव्हता. आत्ता अक्षदाचा मेसेज आलाय: ‘खाली उभी आहे.’ खिडकीतून पाहिलं. खरंच आहे. कडक ऊन आहे, हातात छत्री आहे, आणि ती उघडलेली नाही. किती अंतरावर उभं राहायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. आधी माफी मागायची, मग तिला विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर नाही, एवढं ठरवलंय. आईने विचारलं, कुठे चाललास? बाबांनी पेपर खाली घेतला आणि साडेचार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले: “शर्टाची बटणं नीट लाव.” लावली. निघतो. पत्र पाकिटात, पाकीट खिशात, चप्पल पायात. दार लावून घेतो.