दुसऱ्या गिअरची केबल

आई, आज माझ्या सायकलच्या चेनने पँटीचा उजवा पाय चावला. डाव्या पायावर या देशात कधी अन्याय झाल्याचं ऐकिवात नाही. उजव्याला मात्र वाली नाही. संपादकांना खरमरीत पत्र लिहायला बसलो आणि तुलाच लिहू लागलो. चेनने खाल्लेलं कापड म्हटलं की तुझी नर्सची पांढरी पातळं आठवतात, काठावर ग्रीसचे काळे दात उमटलेली.

त्यावर उपाय म्हणून तर पहिल्या पगारात मी मुंबईच्या जुन्या बाजारातून मागच्या चाकाचा तीन गिअरचा विलायती हब आणि अख्खी चेन पोटात घेणारं पत्र्याचं कव्हर आणलं होतं. राज्य नवं होतं, माझी नोकरी त्याहून नवी. तू चहा गाळता गाळता म्हणालीस, "मिस्त्रीले लावू दे. तू लावशीन तं मी बसत नाई. तू विणलेल्या खाटेवर तुह्या बापानं एकदा पाठ टेकली, अजून कंबर धरून हायेत."

अमडापूरच्या आपल्या मिस्त्रींनी दोन दिवस खपून हबमध्ये आरे भरले, चाकाचा आऊट काढून ते सरळ फिरतं केलं, कव्हर बसवलं. राहिली गिअरची केबल. ती ते चालवणाऱ्याला गादीवर बसवूनच बांधत. "बाईले घेऊन या, मंग लावतो," म्हणाले. मला हसू आलं. चार पुस्तकं वाचलेला माणूस मी. घरी येऊन केबल मीच ओढून बांधली आणि तुला सांगितलं, सगळं काम मिस्त्रींचं आहे.

चौथ्या दिवशी टेकडीपलीकडच्या खेड्यातून बाळंतपणाचं बोलावणं येतं. चढावर तू दुसरा गिअर टाकतेस आणि पेडल मोकळंच फिरतं. गुडघा फोडून, सायकल ढकलत तू पोचलीस तेव्हा बाळ आधीच आलं होतं. बाळंतिणीच्या सासूच्या हातांनी कसंबसं निभावलं होतं.

तिथून तू थेट मिस्त्रींच्या दुकानात. मी तिथेच बसलो होतो. "जमत नाई तं हात काऊन लावता? आज दोन जीव गेले असते." मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "चुकलं, बाई," एवढंच म्हणाले. एरवी माझी जीभ गावभर चाले. त्या दिवशी ती सुट्टीवर होती. पुढे तू त्यांच्याकडे हवासुद्धा भरली नाहीस, आणि गावात तुझा शब्द चालायचा.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात जाऊन मिस्त्रींना सगळं सांगितलं.

"मले तवाच दिसलं होतं, भाऊ. ते बांधणं माह्या हातचं नव्हतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो तं तुमच्या गिअरच्या सायकलवर बाई पुन्हा बसल्या नसत्या. अन् सायकल तं चांगली होती." मग त्यांनी विचारलं, "बाईले सांगितलं होतं ना, त्या असताना?"

मी हो म्हणालो. म्हातारा समाधानाने मान हलवत राहिला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला कळतं. पण त्यांना दिलेला तो होकार खोटा ठेवायचा नाही.

आई, ती केबल मी बांधली होती.