सिंह राशीचा पहिला तुकडा

३ फेब्रुवारी

पाहुणे आले, पोरीले पाहून गेले. नवरदेवाची आई मीनाक्षीबाई. बसायच्या आधी रुमालानं खुर्ची पुसली. चक्कीवाल्याचं घर आहे बाई, पीठ तर राहीनच. अशाच पिठाच्या पोळ्या खाऊन मोठ्या झाल्या ना तुम्ही?

बाप नंदकिशोरजी, रिटायर बाबू. चहात साखर कमी आहे हे सांगायले त्यायले इतका वेळ लागला की चहा थंडा झाला. मग थंडा आहे म्हणाले. पोरगा देवेंद्र, तोही सरकारी ऑफिसात. दिसायले चांगला. बोलतो बरा, फक्त दर वाक्याच्या शेवटी आईकडे पाह्यतो, जसं पोट्टं पाढे म्हणताना मास्तरकडे पाह्यते.

मीनाक्षीबाईनं समीक्षाले विचारलं, "लामत्याला रोज जातेस का?"

"हौ. दवाखान्यात नर्स आहे मी."

मीनाक्षीबाई हसली. "आमच्याकडे सुनांना नोकरीची गरज पडत नाही."

समीक्षानं माह्याकडे पाह्यलं. मी चिवड्याची प्लेट पुढं सरकवली. ते नंतर पाहता येते. सरकारी पोरगा काही बालाघाटच्या रस्त्यावर पडून नाही राह्यला.

जाताना पत्रिका मागतली. पत्रिका कथून आणू? पोट्टी तिरोडीले झाली, माह्या माहेरी, पंधरा ऑगस्टले. घरात घड्याळ नव्हतं. खाणीचा भोंगा वाजला अन् पोट्टी झाली, एवढं माहीत. तिरोडीत सगळ्यायचे जन्म भोंग्यावरचेच. मीबी भोंग्यावरची, दुपारच्या.

५ फेब्रुवारी

त्यायच्या ज्योतिषाचा फोन आला. किरनापूरचे शालिकराम महाराज. इकडे चक्की चालू, बाहेर दोघी बाया आपलं दळण आधी कोणाचं म्हणून भांडून राह्यल्या, मले काही ऐकू येईना. फोन समीक्षाच्या हातात देला. म्हटलं तूच सांग काय सांगायचं ते. ती मागच्या अंगणात जाऊन बोलली. आली तर म्हणे, "कोणता भोंगा ते विचारत होते. सकाळचा पहिला सांगितला." झालं. एवढ्यासाठी लोक डोक्याले ताप करून घेतात.

९ फेब्रुवारी

मीनाक्षीबाईनं घरी बोलावलं. मी अन् समीक्षाचे बाबा गेलो. सोफ्यावर शालिकराम महाराज. कपाळावर गंध, तोंडात पान, मांडीवर मोबाईल. अख्खं आभाळ आता मोबाईलमध्ये राह्यते.

पोरीच्या जन्माच्या घडीले सिंह रास उगवत होती म्हणे. नंदकिशोरजी मले समजावून सांगू लागले, "सिंह म्हणजे राजाची रास. मान, तेज, हुकूम." राजाची तर राजाची. आमचा राजा रोज सकाळी डबा घेऊन लामत्याची गाडी पकडते अन् लोकायले सुया टोचते.

"मगर द्रेष्काण देखना पड़ता है," महाराज म्हणाले.

हा काय प्रकार? तर एका राशीचे तीन तुकडे करायचे, भाकरीसारखे. जो तुकडा उगवताना लेकरू झालं तो त्याचा. तिन्ही सिंहच, पण सिंहासिंहात फरक. अन् दर तुकड्याचं आपलं एक चित्र. समीक्षाच्या वाट्याले पहिला तुकडा. त्याचा मालक सूर्य. मी म्हटलं, बरं आहे मग. महाराजनं हात वर केला, थांबा म्हणून. अन् चित्र सांगितलं. सावरीचं झाड. झाडावर गिधाड. खाली कोल्हा. एक कुत्रा. अन् एक माणूस, मळके कपडे, आईबापापासून तुटलेला, रडून राह्यला.

मी विचारलं, "याच्यात सिंह कथी आहे?"

"माताजी, ये सांकेतिक है."

"गिधाड आहे, कोल्हा आहे, कुत्रा आहे. कान्ह्याच्या जंगलात तिकीट काढून गेलो तरी इतके जनावर दिसत नाही. सिंहच तेवढा सुट्टीवर?"

हे माह्या पदराले ओढून राह्यले.

महाराजनं अर्थ सांगितला. पोरगी मानी आहे, तेज आहे, पण ज्या घरात जाईन त्या घरचा पोरगा आईबापापासून तुटन. मीनाक्षीबाईनं देवेंद्रचा दंड पकडला, जसं मी त्याले तथूनच पोत्यात घालून नेऊन राह्यली. मळक्या कपड्याचा माणूस म्हणजे आपलाच पोरगा, हे तिनं ठरवून टाकलं. त्याच्या पँटीची इस्त्री पाहून मले तर तसं वाटलं नाही.

"हे स्थळ राहू द्या," मीनाक्षीबाई म्हणाली. चहासुद्धा अर्धाच भरून देला.

११ फेब्रुवारी

समीक्षाले सांगितलं, गिधाडापायी लगीन मोडलं. ती म्हणे, "अच्छा." दोन पोळ्या जास्त खाल्ल्या अन् गुणगुणत डबा घासला. पोट्टीचं काळीज मोठं. दुःख दाखवत नाही.

१५ फेब्रुवारी

गावभर झालं. आज दळणाच्या रांगेत एक जण म्हणते, "काय गोदाबाई, पोरीच्या पत्रिकेत गिधाड निघालं म्हणे?"

"हौ. तुमच्या गव्हात सोंडे निघाले तसंच."

चुपचाप डबा घेऊन गेली.

चक्कीसमोर सावर आहे. फुलं आले, लाल भडक. लगीन होऊन आली तवापासून पाहून राह्यली, त्याच्यावर गिधाड काही बसलं नाही. आजकाल गिधाड राह्यले कथी? ज्या जनावराची जातच संपून राह्यली, ते आमच्या पोरीचं नशीब बिघडवायले तेवढं बरोबर हजर.

हे म्हणतात, "जाऊ दे." यायले सगळंच जाऊ दे. चक्कीचा पट्टा तुटला तरी जाऊ दे. मी नाही जाऊ देत. त्याच मीनाक्षीबाईच्या हातानं माह्या पोरीले कुंकू लावून घेईन. चक्कीवाल्याची खुर्ची पुसते काय!

१६ फेब्रुवारी

समीक्षाले म्हटलं, पुन्हा नीट आठव, पहिलाच भोंगा होता काय? ती म्हणे, "मी तेव्हा नुकतीच जन्मली होती आई, मला काय आठवणार?" तोंड बाकी लय चालते.

२३ फेब्रुवारी

तिरोडीले जाऊन आली. शांतामावशी आता पार वाकली, पण जीभ सरळ आहे. समीक्षाच्या वेळेस तीच होती माह्यापाशी, नाळ तिनंच कापली. मी तर तवा शुद्धीत नव्हती.

मी विचारलं, "मावशी वं, समीक्षा कोणत्या भोंग्यावर झाली? सकाळच्या पहिल्या ना?"

"कायचा पहिला? पंधरा आगस्टले खान बंद राह्यते. पाळीचा भोंगा वाजतच नाही त्या दिवशी. बाजारात झेंडा चढला का मंग एकच वाजते. त्या भोंग्यावर झाली तुही पोट्टी. उन्हं चांगले अंगनात आलते."

"खरं सांगतं?"

"नाही तं काय. म्हनून तं म्या तिले झेंडी म्हनते."

अन् मी इतके वर्षं समजत होती, पंधरा ऑगस्टची म्हणून झेंडी!

मावशी म्हणे, "तुह्या पोरीले तं म्या कितीक डाव सांगतलं हाये हे. आली का विचारते, सांग न बुढे, मी कशी झाली."

मग कार्टीनं महाराजले पहिला भोंगा काहून सांगितला? विसरली असन. या पोरायले मोबाईलचा पासवर्ड सोडून काही ध्यानात राहत नाही.

येताना गाडीत बसायले जागा नव्हती, उभीच आली. पण अशी खूश की पाय दुखले नाही.

२५ फेब्रुवारी

किरनापूर. महाराजले म्हटलं, भोंगा चुकला, आता आभाळ पुन्हा उघडा. त्यायनं मोबाईल काढला. बोटानं वर-खाली केलं. इतक्या मोठ्या सिंहाले एका बोटानं सरकवते माणूस.

पहिला तुकडा सुटला. दुसराही मागं गेला. त्याचा मालक गुरू. त्याच्यात म्हणे घोड्यासारखा माणूस असते, डोक्यावर पांढऱ्या फुलांची माळ, हातात धनुष्य, अन् नाकाचा शेंडा वाकडा. बरं झालं हुकला. नाकाचं खापर माह्या खानदानावर फुटलं असतं.

समीक्षाचा तिसरा. मालक मंगळ. चित्र: तोंड अस्वलाचं, चाळे माकडाचे, लांब दाढी, कुरळे केस. एका हातात काठी, दुसऱ्यात फळ अन् मांस.

"महाराज, हे चांगलं म्हणायचं की वाईट?"

"उत्तम है. लाठी मतलब अधिकार. फल मतलब संतान."

"अन् मांस?"

महाराज उठून पान थुंकून आले. "समृद्धि."

मीनाक्षीबाईच्या घरी कांदासुद्धा मागच्या दारानं येते. तथी ही समृद्धी.

स्वभाव विचारला. महाराज म्हणे, "किसी की सुनेगी नहीं. पर सामने से लड़ेगी भी नहीं. टेढ़े रास्ते से अपना काम निकाल लेगी."

मी म्हटलं हे काही जमलं नाही. आमची समीक्षा साधी आहे. हे तर माह्या सासूचं वर्णन झालं. पण घर तुटणार नाही ना? नाही तुटत. मग एवढंच फोनवर सांगा मीनाक्षीबाईले, आत्ता, माह्यासमोर. सांगितलं. अस्वलाची गोष्ट मी मधेच खोकून दाबली.

२७ फेब्रुवारी

मीनाक्षीबाईचा फोन. आज मी 'गोदाताई' झाली. "पत्रिका छान जुळते म्हणे. महाराजांचा शब्द म्हणजे शब्द." तेच महाराज, तीच पोरगी. पंधरा दिवसात गिधाड उडालं.

पुढच्या रविवारी साक्षगंध. एकच म्हणाली, त्याच्या आधी समीक्षानं राजीनामा देऊन टाकावा, म्हणजे चार लोकांत सांगायला बरं. मी हौ म्हटलं. जिंकलेल्या माणसानं खळखळ करू नये.

समीक्षा ड्युटीवरून आली तशी सांगितलं. कशी भोंग्याची चूक मी शोधली, कशी तिरोडीले गेली, कसं महाराजले वाकवलं. ती चप्पल पायातच घालून उभी राह्यली. मग "बरं" म्हणाली.

१ मार्च

दोन दिवस झाले, पोट्टी ताटातलं अर्धं ठेवून उठते. हे म्हणतात, "विचार तिले." काय विचारायचं? लगीन ठरलं की पोरी जेवत नाहीत. मीबी जेवली नव्हती.

मीबी जेवली नव्हती, पण मले कोणी विचारलंच नव्हतं.

४ मार्च

राजीनामा लिहिला काय म्हटलं तर म्हणे पेन चालत नाही. ज्या पेनानं दिवसभर लोकायचा ताप लिहिते, ते पेन! दोरीवर तिचा पांढरा ड्रेस वाळून राह्यला होता. साक्षगंधासाठी साडी दाखवली. "छान आहे," म्हणे, अन् ड्रेसले इस्त्री करायले बसली.

६ मार्च

समीक्षा चक्कीवर आली. कोणी नव्हतं. म्हणे, "आई, तो पहिला भोंगा मी विसरून नाही सांगितला. झेंड्याचा मला माहीत होता. महाराजांना विचारलं, सगळ्यात वाईट तुकडा कोणत्या भोंग्याला येतो. तोच सांगितला."

"मले काहून नाही सांगितलं?"

"त्या दिवशी नोकरीचं निघालं तेव्हा तुझ्याकडे पाहिलं होतं ना. तू चिवडा पुढे केलास."

मी मोटर बंद केली. मग उगीच पुन्हा चालू केली.

अस्वलाचं तोंड, माकडाचे चाळे. महाराज खरे निघाले, अन् मी म्हणत होती पोट्टी साधी आहे.

सरळ नाही म्हटलं तर मीनाक्षीबाई गावभर पोरीले नावं ठेवीन. आभाळाले कोणी नावं ठेवत नाही.

उद्या पहिल्या गाडीनं किरनापूर. सांगते, शांतामावशी बुढी झाली, तिले काही धड आठवत नाही. भोंगा पहिलाच होता. गिधाड, कोल्हा, कुत्रा, सगळे आमच्याच घरचे.