मजुराच्या रकान्यातलं नाव

बाबा,

रविवारी सकाळी तुम्ही चुलीपाशी पाट घेऊन बसायचात आणि मी इंग्रजी पेपरातलं एखादं वाक्य वाचून दाखवायचे. अर्थाशी तुम्हाला फारसं देणंघेणं नसायचं. सिस्टरांच्या शाळेत घातलेली पोरगी न अडखळता वाचते, एवढं ऐकायला तुम्ही बसायचात. पोळ्या लाटता लाटता आई म्हणायची, "फी वसूल करून राह्यले तुमी." तुम्ही हसायचात.

त्याच पाटावर एका रविवारी विम्याचा फॉर्म आला. चंद्रपुरात तुम्ही वायरिंगची छोटी कंत्राटं घ्यायचात, आणि गोंडपिपरीच्या पुढच्या आश्रमशाळेचं काम हवं असेल तर कामावरच्या माणसांचा अपघात विमा दाखवा, अशी अट आली होती. कामावरची माणसं म्हणजे एकटे काका. तुमच्याबरोबरच हे काम शिकलेले, रोज आपल्याच घरी जेवणारे. एजंट फॉर्म ठेवून गेला होता, भरणार मी. मजुराचं नाव लिहायच्या रकान्याशी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "माह्याकडे मजूर नाई. भागीदार लिही." मी म्हटलं, पण त्यांना रोजी तर तुम्हीच देता. तेव्हा तुम्ही सांगितलंत की दीक्षा घेतल्यावर आजोबांनी गावकीची कामं टाकली, उपाशी राहिले, पण परत कोणाच्या वाड्यावर राबायला गेले नाहीत. "आपल्या हातानं आपल्या माणसाले मजूर नाई लिहाचं, बाई." मी भागीदार लिहिलं. मग मागच्या पानावरचा बारीक मजकूर वाचताना एका ओळीशी थांबले. तुम्ही विचारलंत, "काऊन थांबली?" मी म्हटलं, काही नाही, शब्द कठीण आहे. तुम्ही सही केलीत, सावकाश, पूर्ण नावाची.

हिवाळ्यात आश्रमशाळेच्या छताखाली वायरसाठी लाकडी पट्टी ठोकताना शिडी सरकली आणि काका फरशीवर कमरेवर पडले. मला अजून तो गडचिरोलीचा दवाखाना दिसतो. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायला सांगितलं आहे. काकू तान्ह्या मुलीला घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी आहे आणि सगळ्यांची भिस्त त्या पॉलिसीवर आहे. विम्याचे साहेब आलेत. ते आपला फॉर्म उलटतात आणि बरोबर त्या ओळीवर बोट ठेवतात. मालक आणि भागीदार यांना हा विमा लागू नाही. मग जरा नरमून सांगतात की लिहिण्यात चूक झाली असेल तर हा माझा रोजंदारी मजूर आहे असं लिहून द्या, हजेरीवही जोडा, बघू. तुम्ही पेन हातात घेता आणि लिहीत नाही. काकू तुमच्या हाताकडे बघते आहे. मी फरशीकडे. साहेब घड्याळ बघतात. तुमचा अंगठा पेनच्या टोपणावरून नुसता फिरतो आहे. शेवटी खाटेवरून काकाच बोलतात, "लिही ना भाऊ. या शब्दानं नाई मोडली माही कंबर."

तुम्ही लिहिलंत. चूक कोणाची, असं साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "माही. मले इंग्रजी येत नाई, मीच तसं सांगतलं." मी ऐकून घेतलं.

विमा मंजूर व्हायला पावसाळा उजाडला. तोवर ऑपरेशनसाठी आईच्या पाटल्या गेल्या होत्या. काका काठीवर चालायला लागले, शिडीवर परत चढले नाहीत. पुढच्या वर्षी फॉर्म आला तेव्हा तुम्ही मला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारलात, दोनदा, आणि मजुराच्या रकान्यात नव्या माणसाच्या नावाच्या वर आधी तुमचं स्वतःचं नाव लिहायला लावलंत. एजंट म्हणाला, भाऊ, मालकाचं नाव इथे चालत नाही, खोडावं लागेल. "मले ठाऊक हाये," तुम्ही म्हणालात. "तुमी खोडा. मी लिहिलं, एवढंच."

आज तुमची पत्र्याची पेटी आवरते आहे. माझ्यामागे जो कोणी ती उघडेल त्याने हातड्रिल आणि टेस्टर काकांच्या मुलीला द्यावेत. तीच ती, काकूच्या कडेवरची. आता ती गडचिरोलीत स्वतः वायरिंगची कंत्राटं घेते आणि फॉर्मही स्वतःच भरते. पाट माझ्या सुनेला. माझी शाळेतली डिक्शनरी कोणालाही. आणि त्या पहिल्या फॉर्मची कार्बन कॉपी, माझ्या अक्षरातली, तीही काकांच्या मुलीलाच द्यावी, या पत्रासकट. ती कॉपी मी स्वतः दोनदा तिच्याकडे घेऊन गेले होते. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले.

त्या सकाळी आजोबांचं सांगताना तुम्ही पाटावर इतके ताठ बसला होतात, बाबा, की तुम्हाला अडवणं मला जमलं नाही. तो शब्द कठीण नव्हता.