मोटर जळलेली नाही

आप्पा,

तुम्ही विहिरीवरच्या मोटरला गिऱ्हाईक बघायला गेलात, पण ती विकू नका. ती जळलेली नाही, नुसता कंडेन्सर कमजोर झाला होता. मी पट्टा काढून पुली हाताने फिरवली, तर हलकी फिरली. बल्बही लख्ख पेटत होता, म्हणजे विजेचा दाब ठीक होता. तरी मोटर रेंगाळतच होती. म्हणून काल पालीहून नवा कंडेन्सर आणला आणि आज बसवला. पाणी पार शेवटच्या माडापर्यंत गेलं.

मोटर बसवली त्या दिवशी आई पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली होती. तुम्ही जेवायला हाक मारलीत, तर म्हणाली, "पंधरा वर्षं रहाट ओढला. आज मला नुसतं बसू द्या." मग तुम्हीच ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसलात. ती गेल्यापासून तुम्ही विहिरीकडे का फिरकत नाही, ते मला कळतं.

मी दुपारच्या एसटीने सासरी निघाले. तुम्ही येईपर्यंत थांबले असते तर पाय निघाला नसता. आमटी झाकून ठेवली आहे.

मोटर पुन्हा मंदावली तर मेन स्विच बंद करा आणि मला पत्र टाका. पत्र टाकायला मोटर बिघडायलाच हवी असं नाही.

तुमची गोदा