आणखी भात घ्या

माय, काल दुपारी तुझं उत्तर मी एका माणसाला देऊन बसलो. ते सांगायचं आहे म्हणून लिहितो.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू आरोग्य उपकेंद्रातून आलीस की ड्युटीची साडी बदलायच्या आधी भात टाकतेस. बाबा ताटावर बसले आहेत आणि त्यांना गावाच्या गोष्टींचा भारी सोस. मागच्या दारानं आत्ता कोण बाई येऊन गेली, कोणाची सून माहेरी काऊन बसली, कोणाचं लेकरू वजनात भरत नाही, सगळं त्यांना तुझ्याकडून पाहिजे. आणि तू दर वेळी पातेल्यात चमचा घालून म्हणायचीस, "आणखी भात घ्या." रागवायची नाहीस, खोटंही बोलायची नाहीस. बाबा कुरकुरायचे, पण ताट पुढे करायचे. गावाच्या गुपितांनीच तुमचं पोट सुटलं, असं मी आजही त्यांना चिडवतो. ते हसतात, आणि मग काहीतरी काम आठवल्यासारखे उठून जातात.

मला मात्र ते भाताचं कळायला एक दिवस कान पिळून घ्यावा लागला. मी लहान होतो, किराणा दुकानात सहज बोलून गेलो की तलावापलीकडची एक बाई पदराखाली लेकरू झाकून आपल्या घरी त्याला लसीची सुई टोचून घ्यायला आली होती. तिच्या सासऱ्याचा सुईला विरोध होता, हे मला काय माहीत. गोष्ट फिरत तिच्या घरी पोचली आणि पुढच्या वेळी ती आलीच नाही. तू ओरडली नाहीस. कान धरून एवढंच म्हणालीस, "बोलला तू, अन् ताप येईन त्या लेकराले." मग लसीचा निळा डबा खांद्याला लावून, भर उन्हात तलावाच्या पाळीनं तिच्या घरी गेलीस, मलाही चालवत नेलंस आणि अंगणात बसवलंस. आत त्या सासऱ्याशी काय बोललीस ते मला कधी सांगितलं नाहीस. लेकरू रडलं तेव्हा समजलो, झालं काम.

तू गेल्यावरचं तुला माहीत नाही. गोंदियाच्या कॉलेजात एक पोरगा एका पोरीबद्दल घाण बोलला, मी त्याच्या कानफाडात हाणली. सर माफी माग म्हणाले, मागितली नाही, दप्तर उचलून घरी आलो. ती पोरगी देवरीकडची. मला वाटलं होतं खूश होईल. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं का तुले मारायले?" तेव्हापासून ती बोलत नाही आणि माझं मन दुसरीकडे लागत नाही. बाबांनी आरोग्य केंद्रात कंत्राटावर ऑपरेटर म्हणून लावून दिलं. तुझं ते लांबलचक रजिस्टर आता कॉम्प्युटरमध्ये गेलं, माय, आणि ते भरणारा मी.

तुला बघायला आवडलं असतं. लेकरू जन्मलं की त्याची नोंद होते. बारसं झालेलं नसतं, म्हणून आईच्या नावानं, "अमकीचं बाळ" अशी. सोबत आईचा मोबाईल नंबर. मग ती बाई धान कापायला परगावी जाऊ दे की नवऱ्यासोबत रायपूरला, तिथल्या सिस्टरनं नंबर टाकला की कोणती लस झाली, कोणती राहिली, कुठे दिली, सगळं उघडतं. पुढची तारीख तिच्या फोनवर येते. म्हणून तर लेकराचा डोस चुकत नाही. पण जे तिथल्या सिस्टरला दिसतं ते मलाही दिसतं. कोणी काय उघडलं याची नोंद ज्याच्या त्याच्या नावावर पडते, पण ती उघडून झाल्यावर; आधी कोणी अडवत नाही. पहिल्याच आठवड्यात पाहिलं, आधीच्या ऑपरेटरनं पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनलाच चिकटवला होता. मी तो टराटरा फाडला आणि तिथल्या बाबूशी भांडलो. तो म्हणाला, नवीन आहेस, जास्त शहाणपण नको करू.

काल जो आला तो देवरीच्या त्या पोरीचा आतेभाऊ. त्याच्या सख्ख्या बहिणीनं दुसऱ्या जातीच्या पोराशी पळून लग्न केलं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. आता तिला लेकरू झालं असं त्याच्या कानावर आलं होतं. लसीकरण आटोपलं होतं, सिस्टर आत होती, मी जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. त्यानं बहिणीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी डब्याशेजारी ठेवली. तिनं घरच्यांचे सगळे फोन ब्लॉक केले होते.

"फक्त पाहून सांग, पोरगं कोणत्या गावी टोचलं," तो म्हणाला. "आम्ही का तिले मारून राहिलो? मायची तब्येत बरी नाही, तिले नातू पाहायचा हाये." मग खुर्ची जवळ ओढून हळू बोलला, "तुह्या देवरीवालीचा बाप माझा मामा हाये, माझा शब्द मोडत नाही. तुह्यं लग्नाचं काम मी करतो. पोरगी घरीच हाये अजून."

माय, मी नंबर टाकला. आकडा न् आकडा टाकला. फक्त शोधाचं बटण दाबायचं राहिलं होतं. त्याची आई खरंच आजारी असेल, मला कसं कळणार? आणि नसेल तर? दोन दिवसांनी हा त्या केंद्राच्या दारात उभा असेल, ती पुन्हा पळेल, आणि मग कुठल्याच सिस्टरला खरा नंबर सांगणार नाही. ताप त्या लेकराले येईन. हे सगळं नीट मांडून त्याला सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "भात घे."

तो बघतच राहिला. "मी भात खायले आलो का?"

"घे ना, बाबांनी जास्त दिला हाये." टाकलेले आकडे मी पुसले, चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली. "तिचा नंबर तू मले देऊन राहिला. पन तुमच्या घरचा नंबर तिले पाठ असन ना? मायले भेटायचं असन तर ती लावन."

त्यानं चिठ्ठी खिशात घातली. दारातून वळून म्हणाला, "मग राह कुवारा." आणि गाडीला किक मारली. मी उठून हाणलं नाही, हे तुला सांगावंसं वाटलं. भात मात्र तसाच डब्यात राहिला.

हा कागद कुठे टाकायचा नाही, तुझ्या फोटोमागेही नाही. बाबा वाचतील आणि विचारत बसतील. मी आत्ता तलावाच्या पाळीवर बसून लिहितो आहे. त्याला मोठ्या तोऱ्यात बोललो, ती लावन म्हणून. पण माझं जुनं सिम, कॉलेजातलं, जे देवरीच्या त्या पोरीला माहीत आहे, त्याला गावात रेंज नाही. रेंज फक्त इथं, या पाळीवर येते. आणि मी रोज संध्याकाळी इथं येतो.